२,३६० रुपयांपायी अख्खं करंट खातं गोठलं. हा सायबर कायदा नक्की कुणाला पकडतो?

तांब्याची_तार | ४ ऑगस्ट, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. शेती-पाण्याच्या धाग्यांवर मोटारीबद्दल कुणी विचारलं तर उत्तर देतो, बाकी गप्पच असतो. आज गप्प बसवत नाही.

सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. वडिलांपासूनचं. हाताखाली तीन कारागीर. मंगळवारी सकाळी तारेच्या व्यापाऱ्याला ४२,००० पाठवायला गेलो, तर पेमेंट फेल. तीनदा केलं, तीनदा फेल. म्हटलं सर्व्हर झोपला असेल. मग ॲपमध्ये बघितलं तर शिल्लक १,८४,३१७ आणि खाली 'काढता येण्याजोगी रक्कम' ०. गंमत म्हणजे काउंटरवरचा तो डबा दिवसभर 'इतके रुपये प्राप्त झाले' म्हणून ओरडतच होता. पैसे आत जातात, बाहेर येत नाहीत. उंदराच्या पिंजऱ्यासारखं.

बँकेत गेलो. साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. एकच ओळ, सायबर क्राइम, डेबिट फ्रीझ. एका चिठ्ठीवर एक लांबलचक नंबर आणि दक्षिणेतल्या एका राज्यातल्या सायबर ठाण्याचं नाव लिहून दिलं. 'आमच्या हातात काही नाही, तुम्ही तिकडून एनओसी आणा.' तिकडून म्हणजे ८००-९०० किलोमीटर!

घरी येऊन मुलीने स्टेटमेंट काढलं. तीन आठवड्यांपूर्वी एका मोनोब्लॉक पंपाचं बेअरिंग आणि सील बदलून दिलं होतं, जीएसटी धरून २,३६०. शेतकऱ्याबरोबर एक पोरगा आला होता, त्याने त्याच्या फोनवरून स्कॅन केलं. त्या २,३६० मध्ये कुठल्या तरी फसवणुकीचा पैसा आहे म्हणे. बरं, असेल. मग २,३६० धरा की! १,८४,००० का धरले?

शनिवारी कारागिरांचा पगार. गुरुवारी बेअरिंगवाल्याला दिलेला २८,५०० चा चेक लागणार, तो बाउन्स होणार. आणि बाजारात कुजबुज सुरू झालीय, 'याच्या खात्यावर सायबरची केस पडलीय.' बायकोने विचारलं, तुम्ही खरंच काही केलं नाही ना? पंचवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

नोटीस न देता असं करता येतं का? मी आरोपी आहे का? तिकडे जावं लागेल का?

---

गप्पिष्ट_गोगलगाय | ४ ऑगस्ट, रात्री ११:०५

वाचतोय. माझ्या मेव्हण्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याचं खातं मागच्या वर्षी असंच अडकलं होतं. पाच महिने गेले.

---

खडूस_काका | ४ ऑगस्ट, रात्री ११:१२

रोख घ्या. सांगून सांगून थकलो.

---

बँकेतून_सुटलेला | ५ ऑगस्ट, सकाळी ७:३०

तारवाले, ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची तीन याच कामात. आत काय होतं ते सांगतो.

कुणीतरी फसतो आणि १९३० ला फोन करतो, किंवा केंद्राच्या सायबर पोर्टलवर तक्रार टाकतो. तिथे तक्रारीला एक नंबर पडतो, तुमच्या चिठ्ठीवरचा तोच. त्याच्या बँकेला लगेच निरोप जातो की अमुक व्यवहारातले पैसे कुठे गेले ते बघा. ती बँक सांगते, तमुक बँकेत गेले. हे पहिलं खातं, म्हणजे पहिला लेयर. तिथून पैसे पाच खात्यांत फुटलेले असतात, हा दुसरा. तिथून पंचवीस. चोराची घाई असते की पैसा जितक्या लवकर बारीक करता येईल तितका करायचा. शेवटी कोणी पेट्रोल भरतो, कोणी किराणा घेतो, कोणी मोनोब्लॉकचं बेअरिंग बदलून घेतो. तुम्ही बहुधा चौथ्या-पाचव्या लेयरला असाल. पोर्टलवर मात्र चोराचं खातं आणि तुमचं खातं एकाच रकान्यात दिसतात. कोण दुकानदार आणि कोण चोर हे त्या रकान्याला कळत नाही.

आता महत्त्वाचं. लियन आणि डेबिट फ्रीझ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लियन म्हणजे तेवढीच रक्कम बाजूला, बाकी खातं चालू. डेबिट फ्रीझ म्हणजे सगळंच बंद. पोलिसांनी नक्की काय मागितलं होतं ते बँकेकडून लेखी घ्या. पुष्कळदा ठाण्याचा निरोप २,३६० चाच असतो आणि शाखेतला माणूस नसती जबाबदारी नको म्हणून सगळ्या खात्यालाच कुलूप लावतो. आमच्याकडेही लावायचे. मीही लावलंय, खोटं कशाला बोलू.

आणि आजच्या आज तो क्यूआर काढा. येईल तो प्रत्येक रुपया त्याच पिंजऱ्यात जाणार.

---

पुढची_तारीख | ५ ऑगस्ट, दुपारी २:१५

मी वकिली करते, पुण्यात. इथलं लिहिणं म्हणजे सल्ला नव्हे, कागद बघितल्याशिवाय कोणीच ठाम बोलू नये. तरी चित्र स्पष्ट व्हावं म्हणून लिहिते.

पहिला प्रश्न, नोटीस न देता खातं गोठवता येतं का. संशयित मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार पोलिसांना पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ ने होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिचं कलम १०६. बँक खातं ही 'मालमत्ता' आहे की नाही यावर पूर्वी वाद होता. तो सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मिटवला, महाराष्ट्र शासन विरुद्ध तापस निओगी. म्हणजे ज्या कुलपाने तुमचं दुकान अडलंय त्याची किल्ली आपल्याच राज्याच्या खटल्यात घडली.

आधी नोटीस द्यायची सक्ती तिथे नाही, आणि त्याला कारणही आहे. चोराला 'आम्ही येतोय' असं कळवलं तर खात्यात काय उरणार? पण जप्तीनंतर ताबडतोब दंडाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. हे कळवणंच अनेकदा राहून जातं. तुमच्या अर्जात पहिला मुद्दा तो.

दुसरं, नव्या संहितेत कलम १०७ आहे. गुन्ह्यातून आलेल्या संपत्तीवर टाच आणायची तर पोलिसांनी न्यायालयाकडे जायचं, आणि न्यायालयाने समोरच्याला १४ दिवसांची कारणे दाखवा नोटीस द्यायची. आता खात्यातले पैसे १०६ मध्ये बसतात की १०७ मध्ये, यावर भांडण चालू आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये १०७ च्या बाजूने कौल दिला. त्याआधी २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं होतं की पोलिसांनी जेवढी रक्कम लिहिली तेवढीच अडवा, सगळं खातं नको. दिल्लीत एका छोले-भटुरे विकणाऱ्याचं खातं १०५ रुपयांपायी गोठवलं होतं. त्यालाही उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि त्याचं खातं सुटलं. १०५ रुपये!

तिसरं, तुम्ही आरोपी आहात का. आज तरी तसा कागद नाही. ठाण्याकडून नोटीस आली तर मजकूर नंतर वाचा, आधी कलम बघा. ९४ असेल तर कागदपत्रं मागितली आहेत. १७९ असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलंय. ३५(३) असेल तर संशय तुमच्यावर आहे, मग वकिलाशिवाय एक ओळही लिहू नका.

चेकचं आजच निस्तरा. बेअरिंगवाल्याला लेखी कळवा, चेक परत घ्या, दुसऱ्या खात्यातून पैसे द्या. आणि बाउन्स झालाच तरी आकाश कोसळत नाही. त्याची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले तर चेक न वटल्याचा, कलम १३८ चा गुन्हा उभा राहत नाही.

---

पोळीभाजी | ५ ऑगस्ट, सायंकाळी ६:५०

तारवाले दादा, तुमचा त्रास कळतो. पण मी नाण्याच्या दुसऱ्या बाजूला होते म्हणून लिहिते.

गेल्या दिवाळीआधी माझ्या सासूबाईंना व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका' आली. पाठवणारा नंबर भिशीतल्या बाईंचा. त्यांचाही फोन आधीच कब्जात गेलेला, हे नंतर कळलं. सासूबाईंनी फाइल उघडली. पत्रिका वगैरे काही नाही, एक ॲप उतरलं. तासाभरात ३ लाख ४० हजार गेले, चार व्यवहारांत. त्या देवघरात बसून 'अगं, मोबाइल नुसता थरथरतोय' म्हणत होत्या.

मी भाजी टाकत होते. गॅस बंद करून १९३० लावला. नऊदा लागला नाही. दहाव्यांदा लागला. पहिला पैसा गेल्यापासून चाळीस मिनिटं झाली होती. त्यांनी व्यवहार क्रमांक विचारले, मी वाचून दाखवले. रात्री निरोप आला की २ लाख १० हजार वेगवेगळ्या खात्यांत अडवले आहेत. ते सात महिन्यांनी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने परत मिळाले. उरलेले गेले ते गेलेच.

त्या २ लाख १० हजारांतले ६,००० एका मिठाईवाल्याच्या खात्यात होते. हे यादीत वाचलं होतं, आणि तेव्हा मी मनात त्याला चोरच म्हटलं होतं. आज तुमचा धागा वाचून तो आठवला.

---

संत्रानगरी | ५ ऑगस्ट, रात्री ९:२०

काऊन बा, मग मिठाईवाल्याचे पेढे कोणी खाल्ले? चोरानं. पैसे कोणाचे गेले? मिठाईवाल्याचे. म्हंजे सासूबाईचं नुकसान मिठाईवाल्यानं भरलं! बँकेनं नाही, मोबाइल कंपनीनं नाही, सरकारनं तर नाहीच नाही.

पोळीभाजी ताई, राग मानू नका. तुमच्यावर नाही बोलत.

---

पोळीभाजी | ५ ऑगस्ट, रात्री ९:४१

राग नाही. खरं आहे ते. पण त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं की मिठाईवाल्याचं खातं अडवू का, तर मी हो म्हटलं असतं. आजही म्हणेन.

---

कोड_आणि_कांदेपोहे | ६ ऑगस्ट, सकाळी ११:००

संत्रानगरी, बँकेनेही भरावं असा नियम आहे, लोकांना माहीत नसतो. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणी भगदाड पडलंय, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस झाले तर ठरावीक मर्यादेपर्यंत. तुमची चूक होती हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर. ओटीपी स्वतः दिला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून आधी बँकेला कळवा आणि कळवल्याचा पुरावा ठेवा, मग कपाळावर हात मारा.

जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका आयुर्वेदिक औषधांच्या कंपनीला याच परिपत्रकाच्या जोरावर ७६.९० लाख परत करायला बँकेला सांगितलं. ओटीपी न येताच लाभार्थी जोडले गेले होते. त्याआधी बँकिंग लोकपालाने तक्रार फेटाळली होती, हे विशेष.

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आमचं छोटं सॉफ्टवेअरचं काम, सात जण, दवाखान्यांची बिलिंग प्रणाली करतो. मे महिन्यात एका सर्व्हरवर रॅन्समवेअर आलं, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. बॅकअप होता म्हणून वाचलो. तेव्हा आम्ही गुपचूप बसलो, ग्राहक पळतील म्हणून. आता कळलं की सर्ट-इनला, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवणं सक्तीचं आहे. खरं का?

---

पुढची_तारीख | ६ ऑगस्ट, रात्री ८:३०

खरं आहे. सर्ट-इनचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश. असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं, आणि सर्व्हरचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे. लहान उद्योगांना सुरुवातीला सवलत होती, ती २५ सप्टेंबर २०२२ ला संपली. सात जणांची कंपनी असो की सात हजारांची, घड्याळ तेच. त्यात तुमच्याकडे रुग्णांची माहिती आहे, म्हणजे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही बघायला हवा. त्यात दंडाची कमाल पायरी २५० कोटींपर्यंत जाते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने आहे.

गुपचूप बसणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय उपाय आहे, पण त्यात एक धोका असतो. उद्या तोच चोर तुमच्या सर्व्हरवरून दुसऱ्याला लुटतो. तेव्हा पोलीस तुमच्या दारात येतात आणि तुमच्याकडे दाखवायला कागद नसतो.

---

कोड_आणि_कांदेपोहे | ६ ऑगस्ट, रात्री ८:४४

सहा तास! आम्हाला कळायलाच दोन दिवस लागले.

---

पुढची_तारीख | ६ ऑगस्ट, रात्री ८:५०

कळल्यापासून सहा तास. त्या दोन दिवसांचं कोणी विचारणार नाही, त्यानंतरच्या तीन महिन्यांचं विचारतील.

---

खडूस_काका | ७ ऑगस्ट, सकाळी ६:१५

एवढे कायदे आहेत, मग चोर का सापडत नाहीत? २०१८ ला पुण्यात कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले, दोन दिवसांत, २८ देशांतून. पुढे शिक्षा कोणाला झाली? एटीएमवर जाऊन नोटा काढणाऱ्या पोरांना. ज्याने डोकं चालवलं तो परदेशात मजेत.

आणि तारवाले, गावात उगाच या विषयावर फेसबुकवर लिहीत बसू नका. बँकेची, पोलिसांची बदनामी म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ लावतील.

---

पुढची_तारीख | ७ ऑगस्ट, सकाळी १०:०५

काका, ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ लाच रद्द केलं. आणि त्याची सुरुवात आपल्या पालघरची. २०१२ मध्ये बाळासाहेब गेल्यावर बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाइक केलं, दोघींना अटक. त्यावरून दिल्लीतली कायद्याची एक विद्यार्थिनी न्यायालयात गेली.

शिक्षेबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. माहिती तंत्रज्ञान कायद्यातली नेहमी लागणारी कलमं म्हणजे दुसऱ्याची ओळख वापरण्याचं ६६ क आणि तोतयेगिरीने फसवण्याचं ६६ ड. दोन्हींना कमाल तीन वर्षं, एक लाखापर्यंत दंड, आणि दोन्ही जामीनपात्र. म्हणून पोलीस सोबत न्याय संहितेचं ३१८(४) लावतात, जुनं ४२०, तिथे सात वर्षं आहेत. त्यातून माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक दर्जाच्या खाली कोणाला करता येत नाही. तालुक्याच्या ठाण्यात निरीक्षक एक, आणि त्याच्या डोक्यावर गणपती, मोर्चे, निवडणूक सगळं.

एक दार लोकांना माहीतच नसतं म्हणून सांगते. नुकसानभरपाईसाठी याच कायद्याखाली राज्याच्या आयटी सचिवांसमोर दावा लावता येतो, पाच कोटींपर्यंत. पुण्याजवळच्या एका ऑटो सुट्या भागांच्या कंपनीचे ८० लाख गेले होते. २०१३ मध्ये तिथून बँकेला ४५ लाख भरायचा आदेश झाला. दिवाणी न्यायालयापेक्षा हे दार लवकर उघडतं, निदान तेव्हा उघडायचं.

---

गप्पिष्ट_गोगलगाय | ७ ऑगस्ट, दुपारी १:००

मेव्हण्याला विचारलं. एक गोष्ट तो आवर्जून सांगा म्हणाला. खातं गोठल्यावर आठवड्याभरात त्याला फोन आला, 'सायबर सेलमधून बोलतोय, १५ टक्के द्या, दोन दिवसांत खातं सुटेल.' त्याने ९,००० दिले. अर्थातच तोही भामटाच. ज्याचं खातं अडकलंय त्याची माहिती यांना कुठून मिळते देव जाणे.

---

तांब्याची_तार | ७ ऑगस्ट, रात्री १०:१०

सगळ्यांचे आभार. चेक परत घेतला. बेअरिंगवाला म्हणाला, 'अहो, माझ्या साडूचंही झालंय, राहू दे, पुढच्या आठवड्यात द्या.' पगार बायकोच्या बचत गटातून उचलून दिला. क्यूआर काढलाय. गिऱ्हाईक येतं, काउंटरकडे बघतं, म्हणतं 'स्कॅनर कुठाय?' आणि मग खिसे चाचपतं. दोन जण 'उद्या देतो' म्हणून मोटर घेऊन गेले.

बँकेकडून लेखी मागितलं. साहेब आधी 'मेलवर पाठवतो' म्हणाले. मी बाकड्यावर बसून राहिलो. चार वाजता कागद मिळाला. सुटलेले काका, तुमचं खरं निघालं! ठाण्याच्या निरोपात २,३६० हीच रक्कम आहे. अख्खं खातं बंद करा असं कुठेही लिहिलेलं नाही.

---

बँकेतून_सुटलेला | ७ ऑगस्ट, रात्री १०:३०

मग अर्धी लढाई झाली. शाखेकडे आणि बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे एकाच दिवशी अर्ज द्या, पोचपावतीसह. 'निरोपात नमूद रकमेपुरता लियन ठेवून उर्वरित खाते चालू करावे.' वकीलबाईंनी सांगितलेला केरळचा निकाल जोडा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

ठाण्यालाही मेल करा, पण रडगाणं नको. बिल, जॉब कार्ड, त्या दिवसाचं स्टेटमेंट, उद्यम नोंदणी, जीएसटी, पॅन. तपास अधिकाऱ्यासमोर अशा शेकडो मेल असतात. दोन मिनिटांत 'हा दुकानदार आहे' असं त्याला पटलं पाहिजे.

---

तांब्याची_तार | ७ ऑगस्ट, रात्री १०:३८

बिल फाडलं होतं, पण त्यावर गिऱ्हाइकाचं नाव 'पाटील' एवढंच आहे. आमच्या तालुक्यात पाटील किती असतील?

---

संत्रानगरी | ७ ऑगस्ट, रात्री १०:४०

😂 अर्धा तालुका.

---

पुढची_तारीख | ७ ऑगस्ट, रात्री ११:२०

चालेल. पण मोबाइलचे नुसते स्क्रीनशॉट पाठवून थांबू नका, मूळ फोनमधलं काही पुसू नका. प्रकरण न्यायालयात गेलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, जुनं ६५ ब. हे प्रमाणपत्र का लागतं हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये आपल्याच जालन्याच्या निवडणूक खटल्यात पक्कं केलं. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही हे दाखवणारं चित्रीकरण होतं, पण प्रमाणपत्र द्यायला कोणी तयार नव्हतं. त्यावरून सगळं दिल्लीपर्यंत गेलं.

---

तांब्याची_तार | २६ ऑगस्ट, रात्री ९:५५

मंडळी, ताजी खबर.

अर्ज दिल्यापासून नवव्या दिवशी ठाण्यातून मेल आला. 'व्हिडिओ कॉलवर दुकान दाखवा.' आता मला सांगा, वर्षभर टीव्हीवर, बँकेत, फोनच्या ट्यूनमध्ये ऐकतोय की पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, डिजिटल अरेस्ट असं कायद्यात काही नाही, असा कॉल आला की कापा. आणि इथे खरे पोलीसच व्हिडिओ कॉल करतो म्हणतायत! मेल करणारा खरा कशावरून? मुलीने त्या राज्याच्या पोलिसांच्या सरकारी संकेतस्थळावरून ठाण्याचा लँडलाइन शोधला, तिथे फोन केला, त्या साहेबांचं नाव विचारलं. आहेत म्हणाले. मग कॉल घेतला.

साहेब तरुण, डोळे तांबारलेले. त्यांचं हिंदी आणि माझं हिंदी, दोन्ही एकमेकांना शोभणारी. मी फोन फिरवून दुकान दाखवलं. बाकावर स्टेटर उघडा पडला होता, अर्धी वायंडिंग झालेली. त्यांनी जवळून दाखवा म्हटलं. म्हणाले, आमच्याही घरी बोअरची मोटर सारखी जळते, क्यों? मी विचारलं व्होल्टेज किती येतं. दहा मिनिटं आम्ही लो व्होल्टेजवर बोललो. कागदपत्रांवर दोन मिनिटं.

तीन दिवसांनी बँकेत फ्रीझ काढून लियन लागला. २,३६० चा. बाकी खातं चालू. एकूण २२ दिवस.

त्यांनी जाताजाता सांगितलं की मूळ तक्रार एका निवृत्त शिक्षिकेची आहे, पेन्शनीतले गेलेत. आणि तो स्कॅन करणारा पोरगा परवा स्वतःच दुकानात आला. त्याचंही खातं बंद आहे. त्याने जुना मोबाइल ऑनलाइन विकला होता, घेणाऱ्याने चोरीच्या पैशांतून दिले, त्यातून त्याने माझं बिल दिलं. पोरगा कॉलेजात, शिष्यवृत्ती त्याच खात्यात येते. त्याला हा धागा दाखवला. वकीलबाई, त्याला ३५(३) ची नोटीस आलीय. त्याला तुमच्याशी बोलायचंय, चालेल का?

---

पुढची_तारीख | २६ ऑगस्ट, रात्री १०:२०

चालेल. विरोप करायला सांगा. मोबाइल विकल्याची जाहिरात, चॅट, कुरियरची पावती, काहीही पुसू देऊ नका. आणि खातं भाड्याने वगैरे दिलेलं नाही ना, हे त्याला एकदा नीट विचारा. हल्ली कॉलेजातली मुलं पाच-दहा हजारांसाठी पासबुक-सिम देऊन टाकतात, मग आई-बाप माझ्या कचेरीत येऊन बसतात. तसं असेल तर ती गोष्ट वेगळी होते.

---

पोळीभाजी | २६ ऑगस्ट, रात्री १०:४५

छान झालं दादा. ते २,३६० त्या शिक्षिकाबाईंना मिळतील का मग?

---

तांब्याची_तार | २६ ऑगस्ट, रात्री ११:०२

कोर्टाचा आदेश झाला तर मिळतील म्हणाले. मिळू देत, असं म्हणायला बरं वाटतं ताई. पण बेअरिंग माझ्या पैशाचं होतं. सोडवायला कोर्टात जायचं तर २,३६० हून जास्त खर्च. म्हणून सोडून दिले. तुमच्या मिठाईवाल्यानेही असंच केलं असणार.

---

खडूस_काका | २७ ऑगस्ट, सकाळी ६:०५

मग आता स्कॅनर परत लावला का?

---

तांब्याची_तार | २७ ऑगस्ट, सकाळी ८:३०

लावला काका. वेगळं खातं उघडून त्याचा लावलाय, रोज संध्याकाळी तिथले पैसे जुन्या खात्यात वळते करतो. बिलावर पूर्ण नाव, गाव आणि मोटारीचा नंबर लिहितो. काल एक गिऱ्हाईक नाव सांगताना म्हणालं, पाटील. म्हटलं, पुढे बोला.